मोरो क्रिस: पात्याचं मूळ शोधताना आणि गंज काढताना (मदत हवी आहे)

सुहास_ओहायो

नमस्कार मंडळी. धागा थोडा लांब होईल, पण विषय माझ्या मनाला लागलाय म्हणून सगळं नीट लिहितो.

आमच्या गल्लीतलं एक जुनं घर रिकामं झालं. घरातलं सामान विकायला काढलं होतं, त्यात एका ट्रंकेत गोधडीत गुंडाळलेली ही तलवार मिळाली. घडणीवरून ती मोरो क्रिस, म्हणजे दक्षिण फिलिपाईन्सच्या मोरो मुसलमानांची तलवार वाटते. लाकडी म्यान दोन फळ्यांचं, वेताने बांधलेलं. निम्मे वेढे तुटलेत. पातं ५५ सेंटिमीटर, दोन्ही बाजूंनी धार. मुठीपासून निम्म्यापर्यंत नागमोडी, पुढे टोकापर्यंत सरळ. मुठीचं टोक पक्ष्याच्या डोक्यासारखं, गाठीच्या लाकडाचं. मुठीला दोऱ्याची वीण, तिच्यावर काळं रोगण. मूठ हलते. पात्यावर लाल गंज आहे आणि धारेला दोन खाचे.

म्यानाला सुतळीने एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलीय. शाई फिकी झालीय, तरी 'मोरो बोलो, पी.आय.' एवढं वाचता येतं. विकणाऱ्या बाईंनी सांगितलं की त्यांचे पणजोबा अमेरिकन सैन्यात होते आणि १९०६ साली तिकडच्या होलो बेटावर बुद दाजो डोंगराच्या लढाईत त्यांनी ही 'मोरो सरदाराच्या हातून' घेतली.

माझे प्रश्न दोन. ही खरंच त्या काळातली, त्या ठिकाणची आहे का, हे कसं ठरवायचं? आणि गंज कसा काढू?

दुसऱ्या प्रश्नामागे एक सल आहे. आमच्या गावच्या घरी खंडेनवमीला पुजायची एक तलवार होती, आजोबांच्या आजोबांपासूनची. दहा-बारा वर्षांपूर्वी मीच ती हौसेने एका दुकानात चकचकीत करायला दिली. त्यांनी मशीनच्या चाकावर धरून तिला स्टीलच्या ताटासारखी करून परत दिली. पात्यावरचा जौहर (पोलादातली लहरी नक्षी), मुठीजवळची पुसट अक्षरं, सगळं गेलं. आई काही बोलली नाही, पण त्या दसऱ्याला तिने तलवारीवर हळदकुंकू वाहताना जरा जास्त वेळ घेतला. तसं पुन्हा माझ्या हातून व्हायला नको.

पोलादी

सुहासदादा, आधी हात आवरा. गंज शंभर वर्षं थांबलाय, आणखी दोन महिने थांबेल.

आमच्या घरात तीन पिढ्या शिकलगारी होती. आजोबा कुरुंदाने पाती घासायचे. त्यांचा एक नियम होता: पहिल्या दिवशी पात्याला फक्त तेल लावायचं आणि बघत बसायचं. तेलाने खरा गंज आणि काळा थर वेगवेगळे दिसायला लागतात. लाल, भुरभुरीत, बोटाला लागणारा तो गंज. काळा, गुळगुळीत, न निघणारा थर पात्याची कातडी आहे, तो सोलायचा नाही.

मूठ हलते म्हणून ओढू नका. आणि फोटो टाका. मुठीच्या खाली पातं जिथे रुंद होतं तिथला भाग अगदी जवळून घ्या.

मृण्मयी_दावाओ

बापरे, कलिस! सुहासदादा, मी दावाओला एमबीबीएससारखं एमडी करत होते तेव्हाची पाच वर्षं फिलिपाईन्सच्या मिंदानाओ बेटावर काढलीत. आपल्याकडची बरीच मुलं तिथे शिकायला असतात, पण बेटाचा इतिहास फारसा कुणी बघत नाही. माझ्या वर्गात एक मरानाव मैत्रीण होती, तिच्यामुळे मला हा नाद लागला.

शब्दांपासून सुरुवात करू. 'मोरो' हे नाव स्पॅनिश लोकांनी दिलं. स्वतःच्या देशात ज्या मुसलमानांशी लढले त्यांना ते 'मोरो' (म्हणजे मूर) म्हणायचे, तेच नाव इथल्या मुसलमानांना चिकटवलं. प्रत्यक्षात हे एक नाहीत. सुलू बेटांवरचे तौसुग, पुलांगी नदीच्या खोऱ्यातले मागिंदानाओ, लानाओ तळ्याकाठचे मरानाव, बासिलानचे याकान, समुद्रावरचे समा, शिवाय इरानुन. तौसुग लोक या तलवारीला कलिस म्हणतात, मागिंदानाओंकडे सुंदांग.

आणि 'बोलो' म्हणजे फिलिपाईन्सचा कोयता! अमेरिकन शिपायांना जे पातं दिसेल ते बोलो. आपल्या कोकणातला कोयता आणि मराठा धोप यांना एकच नाव द्यावं तसं झालं.

'पी.आय.' म्हणजे फिलिपाईन आयलंड्स. अमेरिकेच्या अमलातलं नाव. १८९८ च्या पॅरिसच्या तहात स्पेनने २ कोटी डॉलर घेऊन बेटं अमेरिकेला दिली, त्यानंतरच्या पेट्या, पत्रं, चिठ्ठ्या या सगळ्यांवर हे दिसतं. म्हणजे चिठ्ठी तरी जुनी वाटते.

बुद दाजोबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं. ती लढाई म्हणून सांगतात. मार्च १९०६ मध्ये होलो बेटावरच्या एका विझलेल्या ज्वालामुखीच्या खोलगटात तौसुग कुटुंबं जाऊन राहिली होती, बायकामुलांसकट. लेनर्ड वुड या अमेरिकन सेनापतीच्या सैन्याने वर चढून तोफा आणि बंदुका चालवल्या. आठशे ते हजार माणसं मेली, वाचले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ही तलवार तिथून आली असेल तर तिच्याकडे वेगळ्या नजरेने बघावं लागेल.

सुहास_ओहायो

मृण्मयीताई, हे वाचून रात्रभर झोप नीट लागली नाही. तलवार अभ्यासाच्या खोलीतून काढून कपाटात ठेवलीय. का ते नीट सांगता येणार नाही.

पोलादीदादा, तुम्ही सांगितलं तसं तेल लावलं. फोटो टाकलेत. पातं मुठीखाली रुंद होतं, आणि तिथे एक आडवी रेघ आहे. बघितलं तर ती नुसती रेघ नाही. बारीक फट आहे, नखाचं टोक अडकतं. रेघ सरळ जाते आणि एका टोकाला तिरकी वळते.

संवर्धक_मुंबई

मी धातूच्या वस्तूंच्या संवर्धनाचं काम करते. फोटो फार छान आलेत, सावली नीट पडलीय.

ती फट तुमच्या तलवारीचं वयाचं प्रमाणपत्र आहे. मुठीखालचा तो रुंद तुकडा म्हणजे गांग्या. जुन्या क्रिसमध्ये गांग्या वेगळा घडवून पात्याच्या शेपटीवर (मुठीत जाणाऱ्या टोकावर) ओवतात, म्हणून खरा जोड दिसतो. पुढे विसाव्या शतकात घडणावळ सोपी करायला सगळं पातं एकसंध करून तिथे फक्त रेघ कोरायची पद्धत आली. तुमच्याकडे नख अडकतंय, म्हणजे जोड खरा.

रेघेचं वळणही बोलतं. सगळ्यात जुन्या, लहान पात्यांवर ती सरळ आरपार जाते. एका टोकाला साधारण ४५ अंशांत तिरकी वळणारी रेघ एकोणिसाव्या शतकातल्या आणि विसाव्याच्या सुरुवातीच्या पात्यांवर दिसते. म्हणजे १९०६ ला ही तलवार तयार होती, असं धरायला हरकत नाही. पण तलवार तेव्हा होती म्हणजे ती त्या डोंगरावर होती, असं होत नाही. ते पात्यावरून कळणार नाही, कागदावरून कळेल.

आता मला एक सांगा. मुठीतून खाली येऊन गांग्याला कवटाळणारी धातूची पट्टी दिसतेय. ती एकच आहे की दोन?

सुहास_ओहायो

एकच. तांब्याची वाटते. तिला काय म्हणतात?

संवर्धक_मुंबई

आसांग-आसांग. मूठ आणि पातं एकमेकांना धरून ठेवायला. जावाची क्रिस खुपसायचं शस्त्र, तिची शेपटी गोल. मोरो क्रिस मोठी, खुपसायला आणि छाटायलाही. छाटताना पातं मुठीत फिरू नये म्हणून शेपटी चौकोनी आणि वर ही पट्टी. जुन्यांना एकच असते, नंतरच्या मोठ्या पात्यांना दोन. तुमचं पातं मोठं आहे, म्हणून विचारलं. दुसऱ्या बाजूला, जिथे पट्टी नाही तिथे, दिवा अगदी आडवा धरून बघा. रंगात फरक दिसतो का?

गणेश_सातारा

वाचतोय. एक भाबडा प्रश्न, नागमोडी का करतात? जखम मोठी व्हावी म्हणून? आणि अशी तलवार भारतात आणता येते का?

मृण्मयी_दावाओ

गणेश, जखमेचं सगळे सांगतात, पण नागमोडी आणि सरळ दोन्ही पाती तितक्याच मानाने वापरली गेलीत. नागमोडी पातं म्हणजे चालता नाग, सरळ पातं म्हणजे बसलेला नाग, ही कल्पना जावापासून सगळीकडे आहे. आणि तो शब्द त्यांच्याकडेही नागच आहे बरं का. मरानाव नक्षीकामाला ओकिर म्हणतात, त्यात नाग, नेच्याचं कोवळं वेटोळं आणि सारिमानोक नावाचा पक्षी, हे तीन पुन्हा पुन्हा येतात.

मला सगळ्यात नवल वाटलं ते वेगळंच. मरानाव लोकांत 'महारादिया लावाना' नावाची कथा आहे. महाराजा रावण! १९६० च्या दशकात हुआन फ्रान्सिस्को या अभ्यासकांनी ती लानाओत मिळवून छापली. मुसलमान समाज, लानाओचं तळं आणि तोंडात रामायण. मैत्रिणीला मी म्हटलं, ही आमची गोष्ट. ती म्हणाली, छे, ही आमची.

संवर्धक_मुंबई

भारतात आणण्याबद्दल: तलवारी, खंजीर हे आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात येतात आणि आयातीला परवाना लागतो. परवान्याशिवाय सामानात घालायचा विचारसुद्धा करू नका. मुठीला हस्तिदंत असेल तर वन्यजीव कायदा वेगळा. सुहास यांची मूठ लाकडी आहे, तो एक प्रश्न टळला.

सुहास_ओहायो

दोन शोध लागलेत.

पहिला. दिवा आडवा धरला. पट्टी नसलेल्या बाजूला बोटाच्या रुंदीचा एक पट्टा बाकी गांग्यापेक्षा उजळ आहे, कडा सरळ, आणि एका कडेला हिरवट किट्टाची रेघ. तिथे दुसरी पट्टी होती! तिने इतकी वर्षं खालच्या लोखंडाला हवा लागू दिली नाही, म्हणून तो पट्टा वेगळा राहिला. मी अर्धा तास नुसता बघत होतो.

दुसरा शोध कागदाचा. बाईंकडून पणजोबांचं पूर्ण नाव घेतलं. १९१२ च्या नोव्हेंबरपासून १९५९ अखेरपर्यंत सुटलेल्या बहुतेक शिपायांची कागदपत्रं १९७३ मध्ये सेंट लुइसच्या आगीत गेली, असं इथल्या वाचनालयातल्या बाईंनी सांगितलं. सुमारे ८० टक्के. पण त्याआधी सुटलेल्यांची नोंद वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे, आणि सैन्यभरतीच्या वह्या १९१४ पर्यंतच्या आहेत. त्या वहीत ते सापडले. हाताने लिहिलेली एकच ओळ, दोन पानांवर पसरलेली. निळे डोळे, तपकिरी केस, उंची ५ फूट ७ इंच, धंदा शेतमजूर. भरती १९०८. सुटका १९११, ठिकाण झाम्बोआंगा.

१९०८! बुद दाजोच्या वेळी हा माणूस सैन्यात नव्हताच, कुठल्यातरी शेतात राबत होता.

पोलादी

वा दादा! याला म्हणतात छडा लावणं.

मृण्मयी_दावाओ

अंगावर काटा आला. सुहासदादा, १९११ आणि झाम्बोआंगा हे दोन शब्द फार महत्त्वाचे आहेत. झाम्बोआंगा हे मोरो प्रांताचं मुख्य ठाणं होतं. १९११ च्या सप्टेंबरमध्ये तिथला गव्हर्नर पर्शिंग याने मोरोंनी हत्यारं जमा करावीत असा हुकूम काढला. (पुढे पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्याचा सेनापती झाला तोच पर्शिंग.) तौसुग माणसाला कलिस खाली ठेव म्हणणं किती जड गेलं असेल! १९१३ ला होलोवरच्याच बुद बागसाक डोंगरावर पुन्हा रक्त सांडलं, ते यातूनच. शिवाय बंदरात शिपायांना आठवण म्हणून पाती विकणारेही होते. तेव्हा तुमच्याकडची विकत घेतलेली असेल किंवा जमा झालेल्यातली. सुलूची की मिंदानाओची, ते एका बंदरावरून सांगता येत नाही. सगळी बेटं तिथेच येऊन मिळायची, आणि पाती लग्नात, व्यापारात हात बदलायची.

सुहास_ओहायो

खरं सांगू? हलकं वाटलं. आणि लगेच त्या हलकं वाटण्याचीच लाज वाटली, कारण कुणाच्या तरी कमरेचीच ती होती.

बाईंना फोन करून सांगितलं. मला वाटलं रागावतील. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "बरं झालं. लहानपणी मला ती ट्रंक उघडायला भीती वाटायची."

आता गंजाचं बोलू. मूठ, दुसरी पट्टी, पातं. काय करू, काय नको?

संवर्धक_मुंबई

माझं मत: लाल गंज काढा, तेल पुसा, मेण लावा, थांबा. दुसरी पट्टी नवी करू नका. तो उजळ पट्टा हाच तिचा पुरावा आहे, नवी पट्टी बसवली की तो झाकला जाईल. धारेचे खाचे तर अजिबात घासायचे नाहीत.

गंजासाठी साधं खनिज तेल, सर्वांत बारीक, चार शून्यांची (0000) स्टीलची लोकर, आणि जिथे गंजाची खपली आहे तिथे तांब्याच्या किंवा पितळेच्या पत्र्याची कड. तांबं लोखंडापेक्षा मऊ, ते गंज उचलतं पण पोलादाला ओरखडा पाडत नाही. लाकडाला तेल लावू नका, सुक्या मऊ ब्रशने धूळ काढा. वेताचे वेढे तुटलेले तसेच राहू द्या, म्यानाला सुती फितीने सैल बांधा.

पोलादी

ताई, मेणापर्यंत सहमत. पण एका गोष्टीवर माझं जरा वेगळं म्हणणं आहे. फोटोत पात्याच्या मधल्या भागात मला थर दिसतायत. हा आपल्या दख्खनी पोलादाचा जौहर नव्हे. आपला जौहर मुशीत वितळवलेल्या पोलादाच्या पोटातून येतो. यांचा वेगळा: लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या एकावर एक ठेवून, भट्टीत जोडून, दुमडून, कधी पीळ देऊन. लाकडाच्या रेषांसारखा दिसतो. आजोबा जौहर हिराकसाच्या पाण्याने उठवायचे. तिकडे लिंबाचा रस वापरतात, असं ऐकलंय. ज्यांनी पातं घडवलं त्यांनीच ते आंबट लावून वारंवार जागवलं. मग तसं करणं म्हणजे बदल नव्हे, निगा आहे. आपण चिंचेने तांब्याची घागर घासतो तेव्हा घागर बदलत नाही.

मृण्मयी_दावाओ

हो, तिकडे कालामान्सी नावाचं छोटं लिंबू असतं. जावामध्ये मात्र लिंबाबरोबर सोमल वापरतात, ते विष आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका.

संवर्धक_मुंबई

पोलादीदादा, घागरीचा दाखला मला पटत नाही. घागर रोज वापरात असते. ही तलवार आता वापरात नाही, आणि आंबट प्रत्येक वेळी पोलादाचा थोडा थर खातं. संग्रहालयात मी हे करणार नाही. पण तलवार खासगी आहे, आणि ज्यांची ती होती त्यांची रीत तशी होती, हे मला मान्य आहे. करायचंच तर एकदाच करा, सौम्य करा, आणि काय केलंत ते लिहून ठेवा. पुढच्या माणसाला कळायला हवं.

सुहास_ओहायो

तीन आठवड्यांनी लिहितोय. संध्याकाळी ऑफिसातून आलो की एक तास, रोज.

मूठ काढली नाही. संवर्धकताईंना फोटो पाठवले तेव्हा त्या म्हणाल्या, आत राळ असेल, तिला ऊब द्या. केस वाळवायच्या यंत्राने पात्याची गांग्याजवळची बाजू हळूहळू तापवली, मुठीच्या लाकडाला ओला रुमाल गुंडाळून. सातव्या-आठव्या मिनिटाला देवळातल्या धुपासारखा वास आला. राळ मऊ झाली होती. मूठ दोन केसभर खाली दाबली, सरळ धरली आणि गार होऊ दिली. आता हलत नाही. बाहेरून काहीही घातलं नाही. शंभर वर्षांपूर्वी ज्याने ती राळ ओतली, त्याचंच काम पुन्हा धरलं.

मुठीचा दोरा अबाकाचा वाटतो, केळीच्या जातीतल्या झाडाचा तंतू. रोगण उडालं तिथे भिंगातून बघितलं तर आपल्या केळीच्या सोपटाची दोरी दिसते तशीच चमक. त्याला हात लावला नाही.

गंज निघायला बारा संध्याकाळी लागल्या. मग धीर करून, पातं अॅसिटोनने पुसून, दोन लिंबांचा रस कोमट करून मऊ ब्रशने एका बाजूच्या चार बोटं जागेवर लावला. पहिली दोन मिनिटं काहीच नाही. मग करड्या रंगातून रेषा वर यायला लागल्या. धारेकडे एकसारखं गडद पोलाद, मध्ये लाटांसारखे थर, आणि प्रत्येक नागमोडी वळणाबरोबर तेही वळतात, तुटत नाहीत. घासून वळण दिलं असतं तर थर कापले गेले असते. म्हणजे लोहाराने पातं तापवून, ठोकून वळवलंय, एकेक वळण. मुलगी शेजारी उभी होती, ती म्हणाली, "बाबा, नदी."

मग पूर्ण पात्याला एकदाच लावलं, भरपूर पाण्याने धुतलं, खाण्याच्या सोड्याचं पाणी फिरवलं, पुन्हा धुतलं, लगेच वाळवलं, तेल लावून एक रात्र ठेवलं. दुसऱ्या दिवशी तेल पुसून रेनेसान्स वॅक्सचा पातळ हात.

खाचे तसेच आहेत. उजळ पट्टा तसाच आहे.

गणेश_सातारा

फोटो बघून बोलती बंद. आता पुढे? भिंतीवर लावणार?

सुहास_ओहायो

नाही, भिंतीवर नाही. अमेरिकन सैनिकांनी १९०१ मध्ये नेलेल्या बालांगिगाच्या चर्चच्या तीन घंटा २०१८ ला अमेरिकेने एकशे सतरा वर्षांनी फिलिपाईन्सच्या समार बेटावर परत केल्या, ते मृण्मयीताईंनी मला कळवलं होतं. ही तलवार घंटेसारखी नाही, तिचं गाव आपल्याला माहीत नाही. पण मी ताईंच्या मरानाव मैत्रिणीला सगळे फोटो आणि भरतीच्या वहीतली ओळ पाठवलीय. तिच्या ओळखीत कुणी अभ्यासक बघणार असेल, किंवा तिकडच्या एखाद्या संग्रहालयाला हवी असेल, तर कायदेशीर कागद करून पाठवायची माझी तयारी आहे. बाईंनाही विचारलं, त्या हो म्हणाल्या.

तोपर्यंत आम्लरहित पुठ्ठ्याच्या पेटीत आहे. जुनी चिठ्ठी वेगळ्या पाकिटात ठेवलीय, सुतळीसकट. पेटीत एक कागद ठेवलाय, मराठीत आणि इंग्रजीत: कधी काय लावलं, किती वेळ, काय केलं नाही. बुद दाजोची गोष्टही लिहिलीय, आणि तिच्याखाली भरतीचं साल.

संवर्धक_मुंबई

म्यान पेटीत वेगळं ठेवलंत ना? जुन्या लाकडात ओल धरते, पातं आत राहिलं तर गंज पुन्हा येईल.

सुहास_ओहायो

हो ताई, वेगळं, शेजारी. गांग्याच्या फटीत मेण थोडं पांढरं राहिलंय, ते उद्या मऊ ब्रशने काढतो.